माळढोकाची हजेरी

आमचे हे सोलापुरात वकील होते, आणि वकिलीपेक्षा पाखरांत त्यांचा जीव जास्त होता. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पुढे रीत बदलली, पण जिभेला लागलेलं वळण गेलं नाही, म्हणून इथेही मी 'हे'च म्हणणार. रविवारी इतर वकील पत्ते खेळत, हे टांगा करून बार्शीच्या वाटेवरच्या माळावर जात आणि दुर्बीण डोळ्यांना लावून उन्हात बसत. मला कावळा आणि चिमणी ओळखू येत होती, आणि तेवढ्यावर माझा संसार बरा चालला होता.

त्या माळावर माळढोक येई. यांच्याबरोबर जाऊन मीही तो दोन-चारदा पाहिला. कमरेएवढं उंच पाखरू, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी. पावसाळ्यात त्यातला नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर टाकून एका जागी नाचतो आणि 'हूम' असा आवाज काढतो. एरवी तो चालतो मात्र मानपान मिळालेल्या व्याह्यासारखा, प्रत्येक पाऊल जपून. मला हसू येई. हे हसत नसत. अशी पाखरं फार थोडी उरलीत, असं ते सांगत आणि मग परतेपर्यंत टांग्यात गप्प बसत.

माळावर पाखरांखेरीज मेंढरं होती. धनगरांचे चार-पाच कळप दर पावसाळ्यात तिथे उतरत. त्यांच्या म्होरक्याला सगळे कारभारी म्हणत, आम्हीही कारभारीच म्हणत असू. पन्नाशीचा, उंच, बोलायला सावकाश माणूस. यांना चहा आवडतो हे कळल्यापासून तो आम्ही दिसलो की मेंढीच्या दुधाचा चहा करून आणी. त्याला वास येई, पण हे मिटक्या मारत पीत.

एका वर्षी जंगलखात्यातल्या एका साहेबानं यांना निरोप दिला, की विलायतेत देशोदेशीची माणसं एकत्र जमणार आहेत. रानातली जनावरं आणि पाखरं जगातून नाहीशी होत चालली आहेत, ती कशी राखायची हे ठरवायला. तुम्ही या आणि माळढोकावर निबंध वाचा. यांना रात्रभर झोप लागली नाही. यांचे चुलते घरी येऊन म्हणाले, "पक्षकारासाठी कधी पुण्याला गेला नाहीस, आणि पाखरासाठी समुद्र ओलांडतोस?" पण हे ऐकणाऱ्यातले नव्हते. एकदा मनानं घेतलं की यांचं पाऊल मागे येत नसे. हा गुण होता की खोड, याचा निकाल मला इतक्या वर्षांत लागलेला नाही.

निघण्याआधीच्या रविवारी आम्ही दोघं माळावर गेलो. यांना राहवलं नाही, कारभाऱ्याला सगळं सांगितलं. कारभारी आणि त्याचे भाऊबंद घोंगडी पसरून ऐकत बसले.

"म्हंजी पंच बसनार म्हना की," कारभारी म्हणाला.

"पंचच. सगळ्या जगाचे."

"आनि आपल्या पाखराचा निवाडा करनार?"

"करणार. त्याला त्रास होऊ नये म्हणून कुठली जागा राखून ठेवायची, ते ठरवणार."

कारभाऱ्यानं मेंढरांकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "मग आमच्या मेंढरांचं कसं, सायेब? जागा राखली म्हंजी आमाला बंद?"

हे म्हणाले, "ते तिथं ठरेल."

वकिलाचं उत्तर होतं ते. हरकत नाही असंही नाही, आहे असंही नाही. पावसाळ्याचे चार महिने त्या माळावर निघाले नाहीत तर ही माणसं कळप घेऊन जाणार कुठे, हे मलासुद्धा समजत होतं. चोहीकडे जोंधळ्याची शेतं. उभ्या पिकात मेंढरू घुसलं की डोकी फुटत. कारभारी उठून मेंढरांकडे गेला. परतताना मीच यांना म्हटलं, की त्याला नीट सांगायला हवं होतं. हे म्हणाले, "मला तरी कुठं माहीत आहे?" ते खरं होतं.

हे मेलनं मुंबईला गेले. बोटीत बसले असतील-नसतील, एका सकाळी मी ताक घुसळत होते तर परसदारी हाक आली. कारभारी आणि त्याचा धाकटा भाऊ उभे. कारभाऱ्याच्या काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काही तरी होतं आणि घोंगडीच्या तोंडातून एक पांढरी मान बाहेर आली होती. डोळ्यांवर फडकं बांधलेलं.

"सायेब कुटं हायती?"

"ते गेले," मी म्हटलं. "आणि हे काय आणलंत?"

"गेलं?" त्याचा चेहरा उतरला. "आता कसं करायचं? ह्याला न्यायला नगो का संगं?"

मला आधी काहीच उमजेना. मग त्यानं पायरीवर बसून सांगितलं. त्यांच्या पंचायतीत एक नियम असतो: ज्याचा निवाडा, तो पंचांपुढं हजर पाहिजे. पाठीमागं झालेला निवाडा कोणी मानत नाही. भांडण बोकडावरून असलं तर बोकडसुद्धा आणून पंचांपुढं बांधतात. आता जगातले पंच माळढोकाचा निवाडा करणार, आणि माळढोक इथे माळावर चरत राहणार, हे कसं चालेल? चार दिवस त्यांनी यावर विचार केला होता. शेवटी पहाटे, रात्रीच्या पावसानं पाखरू भिजून जड झालं असताना, चौघांनी घोंगड्या टाकून त्याला धरलं होतं.

"पंच ह्याला बघत्याल," कारभारी म्हणाला. "मेंढरांत वाढल्यालं पाखरू हाय. मेंढरांनी ह्याला काय केलं आसतं तर ह्ये एवढं झालं आसतं का? बघितल्याबिगार त्यांना कसं कळंल?"

मी कपाळाला हात लावला. हसावं तर तो गंभीर, रागवावं तर कशासाठी! सरळ बघितलं तर त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती, फक्त पाखरू बोटीत बसत नाही एवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. बोट गेली, आता नेता येणार नाही, सोडून द्या. तर तो म्हणाला, तेही जमणार नाही. एकदा पंचांच्या नावानं धरून आणलेला जीव निवाडा होईपर्यंत सोडायचा नसतो. सोडला तर आणणारा खोटा पडतो. मग बोला! विलायतेतले पंच उठायला महिना, दीड महिना, कोण जाणे. तोवर हे पाखरू माझ्या परसात.

परसात सरपणाची पडवी होती, तिथे त्याला ठेवलं. पायाला लोकरीची मऊ दोरी. डोळ्यांवरचं फडकं काढलं तसं ते उभं राहिलं, पंख अर्धवट उघडून माझ्याकडे पाहून फुत्कारलं आणि मग भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं ते तसंच. जोंधळे टाकले, शेंगदाणे टाकले, शिवलं नाही. आमचा नेहमीचा टांगेवाला घोड्याला गवत आणायला जाई, तो रुमालात नाकतोडे बांधून आणू लागला. त्यातले दोन-तीन खाल्ले. धडपडीत उजव्या पंखाची लांब पिसं मोडली होती. कारभारी समोर उकिडवा बसून राही, जेवायलाही घरात येत नसे. तिसऱ्या दिवशी पाखराची मान खाली आली. पाखरू जगत नाही, असं मला दिसायला लागलं, आणि मी घाबरले. तोवर मला त्या पाखराचं काही नव्हतं. पण यांनी ज्याच्यासाठी समुद्र ओलांडला ते माझ्या लाकडांच्या पडवीत मरायला टेकलं होतं, आणि शिवाय ते भिंतीकडे तोंड करून उभं राहणं मला बघवेना.

मी कारभाऱ्याला म्हटलं, "निवाडाच पाहिजे ना? मग पंच इथे बसवू."

"हितं कुटले पंच? ते मुलूख-मुलूखचे म्हनलं हुतं सायबांनी."

"आमच्या गल्लीत मुलूख कमी आहेत का?"

हे मी उगीच म्हटलं नव्हतं. शेजारी तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्यातले एक म्हातारे, ज्यांना सगळी गल्ली मामा म्हणे, मागावरून उठून आले. टांगेवाला मुसलमान, घरात दख्खनी बोलणारा. सकाळी दूध घालणारी बाई अक्कलकोटकडची, तिचं मराठी कानडीतून वाट काढत येई. आणि चौथी मी.

कारभाऱ्यानं मान हलवली. "बाईमानूस पंचात बसत न्हाय."

"विलायतेत बसतंय," मी ठोकून दिलं. पुढे यांनी येऊन सांगितलं तेव्हा ते खरं निघालं.

"बरं. पन पाच कुटं हायती? चारच हायसा."

यावर विणकरमामा म्हणाले, "पाचामुखी परमेश्वर म्हणतात ना? मग पाचवा तोच." कारभाऱ्यानं हे मात्र लगेच मानलं.

परसात सतरंजी घातली. पाखराला आणून समोर उभं केलं. ते भर उन्हात पांढरंशुभ्र दिसत होतं, आणि गल्ली परसाच्या भिंतीवर चढली होती. कारभाऱ्यानं पटका सारखा करून आपली बाजू मांडली. मेंढरं पिढ्यान् पिढ्या माळावर आहेत, पाखरूही आहे. जिथे ते नाचतं तिथे आम्ही मेंढरांचा वाडा टाकत नाही. कुत्र्यांना बांधून ठेवतो. मेंढराच्या पायानं किडे उडतात ते ह्ये खातंय. मग मामांनी पाखराकडे वळून त्याला तेलुगूत काही तरी विचारलं, अगदी सरळ तोंडानं, आणि उत्तरासाठी थांबले. कोणीही हसलं नाही. आता लिहिताना ते हास्यास्पद वाटतं, पण तिथे बसलेल्यांपैकी कोणाला तसं वाटत नव्हतं, मलाही नाही.

टांगेवाल्याचं मत थोडक्यात होतं. "अरे इसकू छोड देव. परिंदा है, चोर थोडाच है." दूधवाली म्हणाली, दोघांचंही पोट त्या माळावरच आहे, एकाला हाकलून दुसऱ्याचं भलं होत नसतं, तिच्या घरी दोन जावा एका चुलीवर राहतात, तसं राहावं. मामांनी निवाडा सांगितला: पाखरू नाचतं तेवढी जागा नाचाच्या दिवसांत पाखराची, बाकी माळ दोघांचा, आणि पाखराला पुन्हा कोणी हात लावायचा नाही, पंचांसाठीसुद्धा नाही. मी मान डोलावली. पाचव्या पंचाचं मौन म्हणजे संमती.

कारभाऱ्यानं जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. त्याच्या तोंडावरचा ताण उतरला. त्याच दुपारी आम्ही टांग्यातून माळावर गेलो. त्यानं दोरी सोडली. पाखरू बराच वेळ जागचं हललं नाही. मग एक पाऊल, आणखी एक. मग थोडं पळून, मोडक्या पिसांनी जमिनीलगत उडून ते पलीकडच्या उतारावर उतरलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. इतकी वर्षं हे त्या माळावर का जातात हे मला त्या दुपारी कळलं, आणि हे परत आले की सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

हे परत आले ते हिवाळा लागल्यावर. चांगले खुशीत होते. ते जे सांगत ते ऐकावंसं वाटे. मोठं दालन, लांब टेबलं, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं त्याची भाषा फोडून सांगायची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एकमेकांवर तोफा डागणाऱ्या देशांची माणसं शेजारी बसून गेंड्यांची आणि बगळ्यांची काळजी करत होती. एक म्हातारा गृहस्थ, जन्मात हत्ती न पाहिलेला, हत्तींसाठी बोलताना रडला. काही बायकांच्या टोप्यांवर पिसं होती, आणि पिसांचा व्यापार बंद करा या ठरावाला त्यांनीच जोरात टाळ्या वाजवल्या, हे सांगताना हे हसले. पण लगेच म्हणाले, "तरी तू तिथं असायला हवी होतीस. वाटत होतं, सगळं जग एक घर आहे आणि घरातलं काही तरी हरवतंय म्हणून सगळे मिळून शोधताहेत." यांच्या तोंडून असं बोलणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला, तो आजही आहे.

मग यांनी आपला निबंध मला मराठीत करून वाचून दाखवला. चांगला होता. पण सुरुवातीलाच होतं: 'सोलापूरच्या उत्तरेस एक विस्तीर्ण, निर्जन माळ आहे.'

"निर्जन?" मी विचारलं. "आणि कारभारी?"

"तो काय तिथं राहतो? येतो-जातो."

"पाखरूही येतं-जातंच."

हे हसले आणि पुढे वाचू लागले. वाचून झाल्यावर मी हौसेनं आमच्या पंचायतीची हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, हे पोट धरून हसतील. मामांनी पाखराला तेलुगूत विचारलं तिथे तर नक्कीच. पण त्यांनी पाखरू धरल्याचं, त्यात पिसं मोडल्याचं मी सांगितलं आणि यांचा चेहरा बदलला. पुढचं यांनी ऐकलंच नाही.

"धरलं? माळढोकाला धरलं? पिसं मोडली?"

"सोडलं की मग. धडधाकट उडालं."

"आज पंचांसाठी धरलं, उद्या आणखी कशासाठी धरतील! मला वाटत होतं ही माणसं निरुपद्रवी आहेत."

जंगलखात्यातल्या त्या साहेबानं यांचं मत मागितलं होतं, की माळ चराईला बंद करावा का. तोवर यांचं ठरत नव्हतं. त्या आठवड्यात ठरलं. यांनी लिहून दिलं, की माळ बंद करावा, कारण मेंढपाळांनी पक्षी पकडल्याचं आपल्याला घरातूनच कळलं आहे.

मी भांडले. म्हटलं, "ज्याला खायचं त्याला कोणी पंचांपुढं नेत नाही. तुमच्या कोर्टात हेतू बघतात ना?" हे म्हणाले, "पाखराला हेतू कळत नाही." याला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं म्हणजे आपण चुकीचे असतो असंही नाही. आमच्यात दोन दिवस अबोला होता. कागद गेला तो गेलाच.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला माळाजवळच्या गावांतून दवंडी पिटली, की माळावर मेंढरू दिसलं तर कोंडवाड्यात जाईल. दवंडीनंतर कारभारी आमच्याकडे आला. भांडायला येईल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर त्यानं भांडावं अशी माझी इच्छा होती. तो ओसरीच्या पायरीवर बसला. हे झोपाळ्यावर होते. मी माजघराच्या दारात उभी राहिले.

"सायेब, त्यो निवाडा पंचांचाच म्हनं?"

"हो. तिथं ठरलं तसंच इथं झालं."

"पाखरू तितं न्हवतं. आमी न्हवतो. मग आपल्याकडचं हजर कोन हुतं?"

यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "मी होतो."

कारभारी विचार करत राहिला. त्याच्या हिशेबात काही तरी जुळवत होता तो, हे मला दिसत होतं. मग त्यानं मान डोलावली. "व्हय की. तुमी हुता. म्हंजी आमचा मानूस पंचांपुढं हुता. मग निवाडा मानाय पायजे, आमच्या मनाजोगा झाला न्हाय तरी." तो उठला. पटक्यावर हात फिरवला. "कळपं घिऊन कानडी मुलकात जातो. तितं पावना हाय एक, बगू. लई मानसं आसत्याल तितं पंचांत, नव्हं? तुमी सांगितलं आसंल आमचं, त्यांनी आयकलं नसंल."

ते विचारणं नव्हतं. तो यांची समजूत घालत होता. यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढं केलं असतं तरी चाललं असतं.

हे म्हणाले, "सांगितलं होतं."

कारभाऱ्यानं हात जोडले आणि तो गेला. माळ बंद झाला याचा माझा राग काही वर्षांत निवला. यांनी पाखरासाठी केलं ते मनापासून केलं होतं, आणि कारभाऱ्यानं पाखरू धरलं ही चूकच होती. पण त्या 'सांगितलं होतं'चा राग मला अजून आहे, हे जाऊन इतकी वर्षं झाली तरी.